उभ्यानं केलेली तपासणी

आमच्या घरातल्या बायकांचे पाय कुणी फारसे पाहिलेले नाहीत. आई अजून नऊवारी नेसते, मी सहावारी, खाली परकर घोट्यापर्यंत. त्यामुळे माझ्या उजव्या पोटरीवरच्या शिरा कधी फुगल्या (डॉक्टर त्याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात) हे घरात कुणालाच सांगता यायचं नाही. मला मात्र पक्कं आठवतं. थोरलीच्या वेळेस दिवस गेले होते तेव्हा निळसर रेघा उठल्या आणि बाळंतपणानंतर बसल्या. धाकट्याच्या वेळेस उठल्या त्या बसल्याच नाहीत. "सगळ्यांनाच होतंय ते, रात्री पायाखाली उशी घे," एवढं बोलून आईनं विषय संपवला. तिच्या स्वतःच्या घोट्याला तेव्हाही पट्टी असायची, पण ते पुढं सांगते.

बेळगावात टिळकवाडीला आमची खानावळ आहे. आरपीडी कॉर्नरकडची कॉलेजची पोरं, बँकेतली माणसं आणि बाहेर जाणारे डबे. पहाटे पाचला गॅस पेटतो तो दुपारी तीनलाच विझतो. तेवढा वेळ मी कट्ट्यापुढं उभी. ज्वारीच्या भाकऱ्या मी स्वतः थापते. त्यात दुसऱ्या कुणाचा हात लागला तर गिऱ्हाईकाला लगेच कळतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते खपत नाही. सासूबाई खाली बसून चुलीवर करायच्या. आम्ही उंच कट्टा बांधून घेतला तेव्हा सगळे म्हणाले, सुटलीस, कंबर वाचली. कंबर वाचलीच. पायांचा विचार कुणी केला नव्हता.

दुपारची पंगत उठली की पाय जड व्हायचे. चपलेचा पट्टा पायात रुतून त्याची खूण रात्रीपर्यंत जायची नाही. मध्यरात्री पोटरीत गोळा येऊन उठून बसायचं, ह्यांना हाक मारायची, त्यांनी अर्धवट झोपेत अंगठा धरून ओढायचा, हा आमचा नेहमीचा कार्यक्रम. चैत्र-वैशाखात सगळ्यात वाईट. आमच्याकडचा पाऊस एकदा लागला आणि गारठा पडला की पाय बरे वाटायचे. उष्णतेनं शिरा सैलावतात, रुंद होतात, त्यामुळे उन्हाळ्यात दुखणं वाढतं, हे मला फार उशिरा कळलं. शेगडीपुढं तर बाराही महिने उन्हाळाच.

पुढं घोट्याच्या वर, आतल्या बाजूला खाज सुटायला लागली. कातडी आधी तपकिरी झाली, मग काळपट. मेडिकलवाल्यानं न बघताच गजकर्णाचं मलम दिलं. दोन ट्यूब संपल्या, खाज होती तिथंच.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी डॉपलर लिहून दिला. म्हणजे शिरांची सोनोग्राफी. गावातल्याच एका सेंटरमध्ये गेले. टेबलावर झोपवलं, पायाला गार जेल लावलं, मांडीपासून पोटरीपर्यंत ते यंत्र जागोजागी दाबत नेलं आणि पाच-सात मिनिटांत "उठा" म्हणाले. रिपोर्ट: गुठळी नाही, नॉर्मल.

त्या रिपोर्टबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला. तो खोटा नव्हता. खोल शिरांत रक्ताची गुठळी झाली आहे का, एवढंच त्यांनी बघितलं, आणि ते बघायला माणूस आडवा असला तरी चालतो. गुठळी नव्हती, हे बरंच झालं. पण माझं दुखणं उभं राहिल्यावर सुरू होणारं. आडवं झाल्यावर मलाही बरंच वाटायचं, मग त्या यंत्राला तिथं काय सापडणार होतं? त्या एका "नॉर्मल"च्या जोरावर घरातले सगळे डॉक्टर झाले. वन्सं म्हणाल्या, मिठाच्या कडकडीत पाण्यात पाय बुडव. जाऊबाईंनी महानारायण तेल आणून दिलं, वरून खाली चोळायचं म्हणून. ह्यांच्या मित्रानं मोबाईलवर कसलं तरी चूर्ण दाखवलं, "शिरा मुळापासून साफ" करणारं. आमच्या खानावळीत सांबारची ऑर्डर चुकली तर पोरं पैसे कापतात, आणि तिकडं मुळापासून साफ करणाऱ्याला कोणी काही विचारत नाही! फॅमिली डॉक्टरांनी शिरांसाठी डायोस्मिनच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यानं जडपणा जरा कमी वाटायचा, शिरा मात्र जशाच्या तशा.

दोनेक वर्षं अशीच गेली असतील. एका रविवारी खानावळ बंद होती म्हणून निवांत न्हायला बसले. कढत पाणी, टाचेला वजरी. घोट्याजवळ शिरेवरची कातडी अगदी पातळ झाली होती, तिथं वजरीची कड लागली. मी खाली बघितलंच नाही, कारण दुखलंच नाही. बघितलं तेव्हा समोरच्या फरशीवर लाल चिळकांडी उडत होती, आणि मला वाटलं बादलीतलं पाणी कुठून तांबडं झालं. माझी हाक ऐकून शेजारची पोरगी आत आली. ती नर्सिंग शिकते. मी रुमाल घेऊन गुडघ्याखाली आवळायला निघाले होते. तिनं तो हातातून काढून घेतला. "मामी, वर बांधायचं नाही. आधी आडव्या व्हा." त्या ओल्या न्हाणीतच मला झोपवलं, टाच उलट्या बादलीवर ठेवली, रुमालाची घडी केली आणि जखमेवरच बोटानं दाबून धरली. मध्ये मध्ये उचलून बघायचंही नाही, म्हणाली. पाय छातीच्या वर गेल्याबरोबर धार थांबली, आणि थोड्या वेळानं तर नुसता एक तांबडा ठिपका उरला. एवढ्याशा ठिपक्यातून एवढं रक्त!

तिचं म्हणणं मग डॉक्टरांनीही समजावून सांगितलं. शिरेतलं रक्त वर जायच्या वाटेवर असतं. जखमेच्या वर पट्टी आवळली की त्याची वाट अडते, दाब वाढतो, आणि रक्त आणखी जोरात बाहेर येतं. अशा शिरा फुटून, घरी एकट्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांचे जीवही गेलेले आहेत. झोपायचं, पाय वर करायचा, जागेवर दाबायचं. एवढं ज्याच्या घरात अशा शिरा आहेत त्याला पाठ पाहिजे.

आता मोठ्या डॉक्टरकडं जायचं ठरलं आणि कुठं जायचं यावर घरात सभा भरली. सीमाभागातल्या माणसाला मोठं दुखणं झालं की आधी मिरज आठवतं, तशी ती दिरांना आठवली. भावाचं म्हणणं कोल्हापूर. २०२३ साली महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं होतं, तो कागद कर, तो दाखला काढ, असं त्यानं सुरू केलं. मुलगी पुण्यात नोकरीला, तिचं म्हणणं अर्थातच पुणे. मी म्हटलं, डॉपलर उभं करून कोण करतंय ते आधी विचारा. ही अक्कल मला त्या नर्सिंगवाल्या पोरीनं दिलेली. बेळगावातच व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांचे डॉक्टर, आहेत आणि ते स्वतःच डॉपलर करतात असं कळलं, तेव्हा सभा बरखास्त झाली.

त्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर एक बस कंडक्टर, चिकोडीकडचे एक शाळामास्तर, शहापुरातला मागावर काम करणारा माणूस, एक ट्रॅफिक पोलीस आणि भाकऱ्या थापणारी मी. शेजारी एक न्हावीदादा होते, तेही दिवसभर खुर्चीमागं उभे. कुणाला काय होतंय हे कुणी विचारलंच नाही. टोकनचा फळा कानडीत, कागद इंग्रजीत, गप्पा दोन्ही भाषांची भेळ. एक मात्र खरं, सगळे जण बसल्या बसल्या पाय समोरच्या रिकाम्या खुर्चीवर टाकायला बघत होते आणि तिथली बाई प्रत्येकाला हटकत होती.

डॉक्टर धारवाडकडचे. मराठी मोडकं पण स्वच्छ. त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं ते, "अक्का, स्टुलावर चढा."

लाकडी उंच स्टूल, समोर धरायला भिंतीत लोखंडी दांडी. सगळा भार डाव्या पायावर, उजवा जरा बाहेर वळवून सैल सोडलेला. साडी मांडीपर्यंत वर. नर्स बाजूला उभी होती तरी मला मेल्याहून मेल्यागत झालं, पण डॉक्टर पायाकडं नाही, पडद्याकडं बघत होते. जांघेत यंत्र टेकवलं. पडद्यावर एक काळा गोल. "ही तुमची मोठी शीर. घोट्याच्या आतून निघते, पायाच्या आतल्या बाजूनं वर येते आणि इथं जांघेत खोल शिरेला मिळते. एवढी जाड नसते ही." शेजारी आकडा आला, नऊ मिलिमीटर. मग दुसऱ्या हातानं त्यांनी माझी पोटरी दाबली. यंत्रातून सूंऽ असा आवाज वर गेला, गोल निळा झाला. हात सोडला. आता आवाज बंद व्हायला पाहिजे होता. तो बंद होईना. निळ्याचं तांबडं झालं आणि घरघर चालूच राहिली, चालूच राहिली. वर गेलेलं रक्त परत खाली येत होतं, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या कानांदेखत. अर्ध्या सेकंदाच्या आत थांबलं तर ठीक, त्याच्यापुढं रोग. माझं तीन सेकंदांच्या वर गेलं होतं.

"माहेरी शेती आहे का?" त्यांनी विचारलं. आहे म्हटलं, निपाणीजवळ, विहीर आहे. "मग फूटव्हॉल माहीत असेल, विहिरीतल्या पाइपाच्या तळाची झडप. तो गळायला लागला की मोटर बंद केल्याबरोबर पाइपातलं पाणी परत विहिरीत. तसंच आहे हे." शिरेत जागोजागी झडपा असतात, रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात, म्हणजे मोटर पोटरीची. मी दिवसभर एका जागी उभी, म्हणजे मोटर बंद, आणि वर व्हॉल गळका. सगळा दाब घोट्याशी. पोटरीवर दिसणाऱ्या त्या वेड्यावाकड्या शिरा म्हणजे नुसता परिणाम. बिघाड जांघेत, जिथं वरून काहीच दिसत नाही. हे ऐकलं आणि तेल चोळण्यात घालवलेल्या संध्याकाळी मला आठवल्या. पोटरीला तेल लावून जांघेतली झडप कशी दुरुस्त होणार होती?

काळ्या डागाचंही तिथंच कळलं. दाब वाढला की तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतात, त्यातलं लोह कातडीत बसतं. गजकर्ण नव्हतं ते. डॉक्टरांनी कागदावर "सी-४" लिहिलं. जगभर ही पायरी शून्यापासून सहापर्यंत मोजतात: दोन म्हणजे फुगलेल्या शिरा, तीनला सूज, चारला कातडी बदलते, पाच म्हणजे भरून आलेली जखम, सहा म्हणजे उघडी जखम. मी लगेच विचारलं, घोट्याजवळची जखम वर्षानुवर्षं भरत नसेल तर? "सहा," ते म्हणाले. "कुणाला आहे?"

आईला. पण त्यांनी आधी माझं उरकलं.

दाबाचे मोजे द्यायच्या आधी त्यांनी पावलावरची नाडी चाचपली आणि घोट्याला पट्टा बांधून रक्तदाब घेतला, मग दंडाचा. धमन्यांतच रक्त कमी येत असेल तर घट्ट मोजा पायाचं वाटोळं करतो, म्हणून हे आधी बघायचं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आमच्याकडं मेडिकलमध्ये "मीडियम द्या" म्हणून मोजे मिळतात, आणि शुगरवाली माणसंही तशीच घेऊन जातात. माझं माप सकाळी सकाळी घेतलं, सूज चढायच्या आत: घोटा, पोटरी, मांडी. क्लास दोनचा, म्हणजे मध्यम दाबाचा मोजा. तो अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी चढवायचा. पहिल्या दिवशी मी आणि तो मोजा अशी झटापट झाली की ह्यांनी दार लावून घेतलं. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाऊल घालायचं, मग हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून तळव्यानं वर सरकवायचा. नखानं ओढला की संपला. वर चुणी राहिली तर तीच जागा आवळते आणि खाली सूज येते. शेगडीपुढं घामानं जीव नकोसा व्हायचा. पण आठवड्याभरात दुपारचा जडपणा निम्म्यावर आला, तेव्हा माझं तोंड बंद झालं. पावसाळ्यात मोजे वाळत नाहीत, दोन जोड लागतात. हा खर्च कुणी आधी सांगत नाही.

मोज्यानं दाब आवरतो, झडप सुधारत नाही. रक्तस्राव झालेला, कातडी बिघडलेली, म्हणून लेझर करून ती मोठी शीर बंद करायचं ठरलं. शीर बंद केली तर रक्त कुठून जाणार, हा प्रश्न आमच्याकडं दहा जणांनी विचारला असेल. मीही विचारला. पायातलं सुमारे ९० टक्के रक्त खोल शिरांतूनच वर जातं. वरची ही शीर आता रक्त वर न्यायच्या ऐवजी खाली टाकत होती, ती बंद झाली की पायाचं ओझं कमी होतं. हृदयाच्या बायपासला ह्याच शिरेचा तुकडा काढून वापरतात, आणि ती माणसं चालतात-फिरतातच की. फक्त खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हे आधी पक्कं करायचं. तो पहिला "नॉर्मल" रिपोर्ट असा शेवटी कामाला आला.

पैशाचं थोडक्यात. आमची मेडिक्लेम पॉलिसी नवी होती आणि बहुतेक पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्स पहिल्या २४ महिन्यांत चालत नाही, यादीत नाव घालून लिहिलेलं असतं. मी भिशी उचलली, उरलेलं सोसायटीतून काढलं.

लेझरच्या दिवशी सकाळी पुन्हा स्टुलावर. ह्यावेळी डॉक्टरांनी काळ्या मार्करनं सगळ्या शिरा पायावर रेखून काढल्या, कारण आडवं झाल्यावर त्या दिसत नाहीत. संमतीपत्र कानडी आणि इंग्रजीत होतं. नर्सनं ते ओळ न ओळ मराठीत वाचून दाखवलं, गुठळी होऊ शकते, घोट्याजवळ बधिरपणा येऊ शकतो, पुन्हा दुसऱ्या शिरा फुगू शकतात, सगळं. मग सही.

भूल फक्त त्या जागेची. गुडघ्याच्या जरा खाली सोनोग्राफीत बघत सुई घातली, त्यातून तार, तारेवरून नळी, नळीतून लेझरचा धागा, तो पार जांघेपर्यंत. दुखलं ते पुढचं. मांडीच्या आतल्या बाजूनं, शिरेच्या भोवती, भुलीचं औषध घातलेलं गार सलाइन टोचून टोचून भरतात. त्यानं शीर धाग्यावर आवळते आणि आजूबाजूचं मांस भाजत नाही. प्रत्येक टोचणीला मी "आई गं" म्हणत होते आणि नर्स मला भरल्या वांग्यात काय काय घालता ते विचारत होती. शेंगदाणे, तीळ, कारळं, आमसूल, सांगत गेले. कारळ्यापर्यंत आले तेव्हा टोचणं संपलं होतं.

सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे चढले, माझ्याही. मान उचलून बघितलं तर माझ्या मांडीत कातडीखाली एक तांबडा ठिपका उजळला होता. धाग्याचं टोक. मशीनवर १४७० आकडा होता, तो त्या लेझरचा नॅनोमीटरचा, शिरेच्या भिंतीतलं पाणी तापवणारा. मशीन टीं टीं करायला लागलं आणि ठिपका सावकाश, अगदी सावकाश, खाली सरकत गुडघ्याकडं आला. दुखलं नाही. घशात मात्र काहीतरी करपल्याची चव आली. शेगडीवर जन्म गेलेल्या बाईला ती ओळखायला वेळ लागला नाही. मग पोटरीवरच्या रेखलेल्या शिरा बारीक छेदांतून आकड्यानं ओढून काढल्या. टाका एकही नाही. मांडीपर्यंत बँडेज गुंडाळलं आणि म्हणाले, "उठा, अर्धा तास चाला." दवाखान्याच्या व्हरांड्यात मी येरझाऱ्या घालत होते आणि हे मागून पिशवी घेऊन.

संध्याकाळी घरी. झोपून राहायला सक्त मनाई, उलट दर तासाला चालायचं, म्हणजे खोल शिरेत गुठळी व्हायचा धोका कमी होतो. आलेल्या-गेलेल्यांना हे पटवता पटवता जीव गेला. ऑपरेशन झालंय आणि ही फिरतीय काय, असं एकेक जण बघायचं. बँडेज सोडलं तेव्हा मांडी निळी-जांभळी. आठवड्यानंतर मांडीत आतून ओढ लागायला लागली, पाय सरळ केला की दोरी ताणल्याचा भास. शीर आकसते आहे, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरले नाही. पुन्हा डॉपलर, पुन्हा स्टूल. पोटरी दाबली, सोडली. आवाज नाही. डॉक्टरांनी आणखी एकदा दाबली, माझ्यासाठी.

काय गेलं आणि काय राहिलं ते सांगते. रात्रीचे गोळे गेले. सूज गेली. खाज गेली. काळा डाग फिकट झाला पण गेला नाही, लोह कातडीतून सहजी निघत नाही. घोट्याजवळ बोटभर जागा अजून बधिर आहे. गुडघ्यामागच्या बारीक जांभळ्या रेघा तशाच आहेत, त्यांनी काही त्रास नाही म्हणून मीही त्यांच्या वाटेला जात नाही. आणि हा आजार एकदा लेझर केलं की संपला, असा नाही. झडपा कमकुवत असायचा वारसा अंगातच असतो, आज ही शीर, उद्या दुसरी. वजन, उभं राहणं, चालणं, ह्याच्यावर पुढचं ठरतं. आता सकाळी भाकऱ्या व्हायच्या आत जवळच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फेऱ्या मारून येते. कट्ट्यापुढं सुताराकडून उंच स्टूल करून घेतलंय. डाळ शिजेपर्यंत, भाजी निवडताना त्यावर टेकते. भाकरी मात्र टेकून थापता येत नाही, करून बघितलं. मग थापताना मधेच टाचा वर उचलायच्या, खाली टेकायच्या, पोटरीची मोटर चालू. पोरं म्हणतात, मामी नाचायला लागल्या.

आता आई. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिची उमर गेली. घोट्याच्या आतल्या बाजूची जखम मी शाळेत असल्यापासून बघते आहे. भरायची, परत उघडायची. हळद झाली, एरंडाचं पान झालं, पांढरी पावडर झाली, पिवळं मलम झालं. शुगर नाही, तरी शुगरची गोळी कुणीतरी देऊन बघितली. सगळे औषध जखमेवर लावत होते. पायातला दाब कुणी उतरवलाच नव्हता.

तिला घेऊन गेले तेव्हा स्टुलावर चढवायलाच दोघी लागलो. माझ्यासारखीच घरघर, माझ्याहून लांब. धमन्या मात्र ठणठणीत. मग आठवड्याला एकदा थराथराचं बँडेज: खाली कापसाचा थर, वर ताणाच्या पट्ट्या, बोटांच्या मुळापासून सुरू करून गुडघ्याखालपर्यंत, घोट्याशी जास्त घट्ट आणि वर जाईल तसं सैल. पहिल्या खेपेला आईनं ते रात्रीत कात्रीनं कापून टाकलं. "पाय आवळतोय, मरतो मी." आमच्याकडं बायकाही "मरतो" म्हणतात. दुसऱ्या खेपेला भावानं घरातल्या कात्र्या लपवल्या. काही आठवड्यांनी जखमेच्या कडेनं गुलाबी कातडी दिसायला लागली आणि मग तीच बँडेजच्या दिवशी सकाळी लवकर तयार होऊन बसायला लागली.

जखम भरली आहे. आता लेझर करून घ्या, नाहीतर परत उघडेल, असं डॉक्टर सांगतात. ब्रिटनमधला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, तो मुलीनं आजीला फोनवरून समजावला. अशा जखमेच्या ४५० माणसांत ज्यांची शीर लवकर बंद केली त्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली, नुसतं बँडेज करत थांबलेल्यांना ८२ दिवस लागले. आई म्हणाली, "माझी भरली की. मग आता कशाला?" ह्याला मुलीकडं उत्तर होतं, पण आजीनं फोन भावाच्या हातात दिला होता.

माझा डावा पाय सी-२ला आहे, त्याला सध्या मोजा आणि चालणं पुरे. दिवाळीनंतर पुन्हा स्टुलावर चढायचं आहे, आणि त्याच खेपेला आईला घेऊन ये असं डॉक्टरांनी बजावलंय. तिला मी सांगितलंय, फक्त मोज्याचं माप घ्यायला जायचंय.